मंडईतल्या मावशींना, घुगऱ्यांबद्दल

मावशी, नमस्कार.

दर शनिवारी सकाळी तुमच्याकडून मेथी आणि पावटे नेते, ती मी. गेल्या मार्गशीर्षात तुमच्या पाटीसमोर उभ्या उभ्या रडले होते, तीच. तुमची नात फोनवरचं वाचून दाखवते असं तुम्ही म्हणाला होतात, म्हणून इथे लिहितेय. तिला म्हणावं, सावकाश वाच.

त्या दिवशी तुम्ही फक्त "पोरगी बरी हाय का?" एवढंच विचारलं होतं. माझ्या तेरा वर्षांच्या लेकीला सीलिअ‍ॅक नावाचा आजार असल्याचं कळून तेव्हा चार महिने झाले होते. गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे तिच्या आतड्याला इजा होते. त्यावर पथ्य हाच उपाय, तोही जन्मभर. घरातली पोळी गेली, रवा गेला, शेवया गेल्या. बांधणीच्या हिंगातही गव्हाचं पीठ असतं हे कळल्यावर हिंगाची डबीही उचलून ठेवली. तरी पोट दुखायचं थांबेना आणि हिमोग्लोबिन 8.6 वरून हलेना.

ज्वारीत तर ग्लूटेन नसतं, मग भाकरी का सोसत नाही? शेवटी आहारतज्ज्ञ बाईंनी विचारलं, "दळण कुठून आणता?" गिरणीत आमच्या ज्वारीआधी कुणाचे तरी गहू दळलेले असायचे, आणि त्याच जात्यातून आमचं पीठ यायचं. चार महिने मी रोज गरम भाकरी तिच्या ताटात वाढत होते, मावशी. ते कळल्यावर दोन दिवस मला घास गिळवला नाही. घरघंटी ठेवायला आमच्या दोन खोल्यांत जागा नाही, आणि ग्लूटेनमुक्त म्हणून मिळणारं पाकिटातलं पीठ रोज परवडत नाही.

हे सगळं ऐकताना तुमचे हात जुड्या बांधतच होते. मग म्हणालात, "दळतीस कशाला? दाणा तसाच शिजीव की. बारशाच्या घुगऱ्या कधी खाल्ल्या न्हाईस व्हय?"

2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं, तेव्हा मी ज्वारी-नाचणीच्या पाककृतींनी अख्खी वही भरली होती. त्यातला जवळजवळ प्रत्येक पदार्थ पिठाचा. अख्खा दाणा रोजच्या जेवणात घ्यायचं मला कधी सुचलंच नाही.

तुम्ही सांगितलंत तसंच करते. वाटीभर ज्वारी आधी ताटात पसरून निवडायची, चुकून आलेला गव्हाचा दाणा वेचून टाकायचा. (हे काम लेक स्वतः करते, दुसऱ्या कुणाला करू देत नाही.) तीनदा धुऊन रात्रभर भिजवायची. सकाळी तीन वाट्या पाणी आणि मीठ घालून कुकरला लावायची, एक शिट्टी झाली की आच मंद करून अर्धा तास. वाफ आपोआप जिरू द्यायची. घाईने झाकण काढलं त्या दिवशी दाणा आत कचकचीत राहिला. नीट शिजला की टपोरा होतो, जरासा उकलतो, पण चावायला लागतोच. उरलेलं पाणी आमटीत जातं.

मग मोठ्या वाडग्यात तळाला ज्वारी आणि वर वाफवलेली मोड आलेली मटकी. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हा शरीराला लागणारा घटक कमी असतो, तो कडधान्य भरून काढतं. भाज्या ऋतूप्रमाणे: थंडीत पावटे, गाजर, सोलाणे, वर भाजलेले तीळ, म्हणजे भोगीची भाजीच वाडग्यात येते. पावसाळ्यात लाल भोपळा आणि काकडी. दाण्याचं कूट घातलेलं घट्ट दही, त्यावर जिरं-मिरचीची फोडणी, आणि कडेला जवसाची चटणी. लिंबू मात्र पिळायचंच. धान्या-कडधान्यातलं लोह अंगी लागायला त्यातल्या क जीवनसत्त्वाची मदत होते, आणि हिच्या अंगात लोहच तर कमी आहे. शेंगदाण्याचं कूट आणि चटणी घरच्याच मिक्सरवर, हे वेगळं सांगायला नको.

शिजवलेली ज्वारी फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस चांगली राहते, त्यामुळे शाळेचा डबा दहा मिनिटांत होतो. पूर्वी ती डबा तसाच परत आणायची. परवा तिने मला सांगितलं, "आई, जरा जास्त दे, सगळ्या मागतात." ओट्याजवळ उभी राहून मी किती वेळ तो रिकामा डबा बघत होते.

गेल्या आठवड्यात रक्त तपासलं. हिमोग्लोबिन 11.4 आलं. बारावर जायला हवं, जाईल. अहवाल हातात आल्यावर नवऱ्याच्याही आधी मला तुमची आठवण झाली.

तुम्ही त्या दिवशी मेथीचे पैसेही घेतले नाहीत, वर गावाकडची ज्वारी पुढच्या खेपेला आणून दिलीत, सुपात पाखडून, स्वच्छ पिशवीत बांधून. "गव्हाच्या पोत्याजवळ ठिवली न्हाई," हे आपणहून सांगितलंत. इतकं जपून तेव्हा आमच्यासाठी दुसऱ्या कुणी काही केलं नव्हतं.

येत्या शनिवारी लेकीला घेऊन येतेय. तिने तुमच्यासाठी वाडगा भरून आणायचं ठरवलंय, तिखट जरा जास्त घालून. माझ्यासाठी अर्धा किलो पावटे बाजूला ठेवा, आणि या वेळी पैसे घ्या.

तुमची,
शनिवारची ताई