खोक्यावर एक नाव, आत दुसरेच कार्ड

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली की आपल्या दैनिकात माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या, बाजाराच्या बातम्यांशेजारी कॉम्प्युटरच्या जाहिराती दिसू लागतात. गेल्या रविवारी अशीच एक होती : ‘गेमिंग पीसी, ८ जीबी ग्राफिक्स कार्डसह’. ग्राफिक्स कार्ड म्हणजे कॉम्प्युटरमध्ये चित्रे नि व्हिडिओ सांभाळणारा भाग, आणि ८ जीबी ही त्याची मेमरी. पण कुठले कार्ड, त्याचा पत्ता नाही. आमच्या धंद्यात कोणी ‘५० एमएमची लेन्स विकणे आहे’ एवढेच लिहिले आणि ती १.८ची की १.२ची, म्हणजे उजेड किती आत घेणारी, ते गाळले, तर गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढणार नाही. कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र आपण सगळे निमूटपणे पैसे मोजतो. मीही मोजले आहेत, म्हणून हे पत्र.

माझा डिचोलीत फोटो स्टुडिओ आहे. लग्ने, मुंजी, आणि जत्रांचे दिवस सुरू झाले की देवळांपुढची उत्सवी नाटके नि दशावतारी काले यांचे चित्रीकरण. २०१९ साली दुसऱ्या कॉम्प्युटरसाठी मी जीटी १०३० हे ग्राफिक्स कार्ड घेतले. स्वस्त होते आणि ओळखीच्या एका स्टुडिओत तेच कार्ड बरे चाललेले मी पाहिले होते. माझ्या मशीनवर मात्र साधा रंग सुधारायला घेतला तरी व्हिडिओ अडखळे. दोन महिने मी त्या मशीनलाच शिव्या दिल्या. शेवटी दोन्ही कार्डे शेजारी ठेवून पाहिली. दोन्हींवर नाव तेच, २ जीबी तेच, ३८४ कोअर (कार्डातले हिशेब करणारे कामगार म्हणा) तेच. फरक मेमरीच्या जातीत. २०१७ साली हे कार्ड आले ते जीडीडीआर५ मेमरी घेऊन, सेकंदाला ४८ गीगाबाइट वाहून नेणारे. २०१८ साली त्याच नावाने डीडीआर४चे कार्ड बाजारात आले, त्याची झेप १६.८ गीगाबाइट. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश. दुकानात जाऊन विचारले तर उत्तर आले, ‘तेंच कार्ड तें, कांयच फरक ना.’ बिलावर मेमरीची जात लिहिलेलीच नव्हती, त्यामुळे भांडायला आधारही नव्हता.

तेव्हापासून मी सावध झालो. सध्या माझ्याकडे आरटीएक्स ३०६० आहे, १२ जीबीचे. फर्मागुडीला इंजिनियरिंग शिकणाऱ्या माझ्या भाच्याने आरटीएक्स ४०६० घेतले, ८ जीबीचे. ‘मामा, तुमचं जुनं झालं,’ असे तो येताजाता ऐकवायचा. शेवटी एका रविवारी त्याला कार्डासकट डिचोलीला बोलावले आणि माझ्याच मशीनवर आलटून पालटून दोन्ही लावून पाहिली.

कागदावर पाहाल तर ३०६० भारी वाटते. त्यात ३५८४ कोअर, ४०६० मध्ये ३०७२च. मेमरीकडे जाणारा रस्ता, ज्याला बस म्हणतात, तो ३०६० चा १९२ बिटांचा आणि ४०६० चा १२८ चा. सेकंदाला ३६० गीगाबाइट विरुद्ध २७२. तरीही भाच्याच्या गेममध्ये त्याचे कार्ड पुढे गेले, साधारण सहाव्या हिश्श्याने. कारण त्याची चिप नव्या, बारीक घडणीची आहे. कोअर कमी असले तरी धावतात जास्त : बूस्ट, म्हणजे जोर लावल्यावरचा वेग, २४६० मेगाहर्ट्झ, माझ्या कार्डाचा १७७७. शिवाय चिपच्या पोटात २४ एमबीचे कॅश, म्हणजे हाताशी ठेवलेली छोटी मेमरी, आहे, माझ्यात ३. हाताशी कपाट मोठे असले की गोदामाकडे खेपा कमी पडतात. तेव्हा नुसते कोअर मोजून कार्ड निवडू नये, हे मला भाच्यानेच शिकवले आणि मी ते कबूल केले.

मग माझी पाळी. गेल्या हंगामातल्या एका काल्याचे चित्रीकरण उघडले. काला रात्री उशिरा सुरू झालेला, मंडपातले दिवे पिवळट, आणि रंगमंचावर दशावतारातला राक्षस, नखशिखांत काळा संकासुर. अशा काळ्या रंगात कॅमेरा दाणे, म्हणजे चित्रभर बारीक ठिपके, सोडतो, ते काढायला ग्राफिक्स कार्डाची मेमरी ढिगाने लागते. फोरके, म्हणजे अतिस्पष्ट, चित्रीकरणावर दाणे काढायचे काम लावले आणि भाच्याचे कार्ड ‘मेमरी भरली’ म्हणून थांबले. माझे कार्ड कण्हत कुंथत का होईना, शेवटपर्यंत गेले. त्यात माझा मदरबोर्ड, म्हणजे कॉम्प्युटरचे सगळे भाग जोडणारी पाटी, जुना. ४०६० त्यावरच्या कार्डाच्या खाचेत बसते नेहमीसारखेच, पण त्याची जोडणी आठपदरी आहे, ३०६० ची सोळापदरी. नव्या बोर्डावर ते फारसे जाणवत नाही. माझ्या बोर्डासारख्या जुन्या, तिसऱ्या पिढीच्या खाचेवर मात्र मेमरी भरून वाहू लागली की त्या अरुंद वाटेवर कोंडी होते.

विजेचे मात्र भाच्याच्याच बाजूने लिहायला हवे. ४०६० ची कमाल ११५ वॅट, ३०६० ची १७०. मृगाचा पाऊस लागला की आमच्याकडे वीज दिवसातून कितीदा डोळे मिचकावते हे वाचकांना सांगायला नको. साध्या यूपीएसवर त्या ५५ वॅटचा फरक म्हणजे फाइल सेव्ह करून मशीन नीट बंद करण्याइतका वेळ मिळणे किंवा न मिळणे. उष्णताही कमी, आणि पंखा जितका कमी फिरेल तितकी आमच्या भागातली लाल धूळ आत कमी ओढली जाईल. मी दर दोन महिन्यांनी ब्रश घेऊन बसतो.

एक गोष्ट भाच्यालाही पटली नव्हती. ४०६० च्या जाहिरातीत ‘दुप्पट फ्रेम’ असते ती फ्रेम जनरेशनची करामत. दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये कार्ड स्वतःच्या अंदाजाने तिसरे चित्र घालते. दिसायला गुळगुळीत, पण बटण दाबल्यावरचा प्रतिसाद काही त्यामुळे लवकर येत नाही. लग्नाच्या अल्बममध्ये मी न काढलेले फोटो घालून पाने दुप्पट केली, तर नवरीकडचे मला पैसे देतील काय?

आता मूळ मुद्दा. माझे ३०६० हे १२ जीबीचे आहे हे मी मुद्दाम लिहिले, कारण त्याच नावाचे ८ जीबीचे कार्डही २०२२ च्या अखेरीस निघाले. त्यात नुसती मेमरी कमी नाही, रस्ताही १२८ बिटांवर आला, ३६० चे २४० गीगाबाइट झाले. कोअर तेवढेच, नाव तेच. जीटी १०३० चाच खेळ, फक्त महागात. आणि ‘८ जीबी ग्राफिक्स कार्ड’ या जाहिरातीत हेही बसते, भाच्याचे ४०६० ही बसते, आणि कितीतरी जुनी कार्डेही.

म्हणून विनंती अशी की अशा जाहिराती घेताना आपल्या जाहिरात विभागाने कार्डाचे पूर्ण नाव, मेमरी किती नि कुठल्या जातीची, बस किती बिटांची आणि वॅट किती, एवढे मागून घ्यावे. एका ओळीत मावते. दुकानदारांनी तीच ओळ बिलावरही लिहावी. १८ टक्के जीएसटी लावताना बिलावर जागा अपुरी पडलेली मी कधी पाहिली नाही.

भाच्याला जाताना विचारले, हंगामापुरती अदलाबदल करतोस काय? कार्ड बॅगेत घालून तो गुपचूप बसस्टँडकडे निघाला.

आपला,
एक स्टुडिओवाला वाचक
डिचोली