गोटी, मावशी आणि तुझा डावा हात

पुणे, रविवार रात्र

प्रिय बाळ्या,

तुझ्या मनगटाचं प्लास्टर निघायला अजून तीन आठवडे आहेत, असं काकूंनी फोनवर सांगितलं. उजवाच हात आहे, तेव्हा उत्तर लिहायची घाई करू नकोस. मी मात्र आज लांबलचक लिहिणार आहे, कारण मला तुझी मदत हवी आहे.

फोनसाठी गोट्यांचा खेळ बनवतोय हे तुला माहीत आहेच. फोन तिरका करायचा आणि वाड्याच्या अंगणातून गोटी घरंगळत खळग्यात न्यायची, बस्स. दिवाळीत तो मावशीला दाखवला. तिचा हात थरथरतो, डॉक्टर त्याला इसेन्शियल ट्रेमर म्हणतात. तिने फोन धरला आणि गोटी भिंतींवर आपटत सुटली. दोन मिनिटांनी फोन परत देत म्हणाली, "छान केलंयस रे, पण हे माझ्यासाठी नाही." बाळ्या, त्या खेळातलं अंगण तिच्याच घरचं आहे. तिथेच आपण दोघं गुडघे फोडून घ्यायचो. मला रात्रभर झोप लागली नाही.

त्यानंतर सगळं पुन्हा मांडलं. फोनमधला ॲक्सेलरोमीटर गुरुत्वाकर्षण मोजतो. टेबलावर सपाट ठेवला तर ९.८ हा आकडा पूर्ण उभ्या दिशेत दिसतो आणि कडेच्या दिशांत शून्य. दहा अंश कलला की कडेला १.७ येतो, गोटी त्याच्यावर पळते. मी 'सपाट म्हणजे शून्य' असं धरून चाललो होतो. पण फोन सपाट धरतं कोण? मावशी भिंतीला टेकून, कोपर पोटाशी दाबून धरते. कुणी पलंगावर उताणं पडून, पडदा खाली करून धरतं. म्हणून आता खेळ सुरू होताना दोन सेकंद गप्प थांबतो, फोन जसा धरलाय ती दिशा लक्षात ठेवतो आणि पुढचा सगळा कल तिथून मोजतो. हात दमला, बसण्याची जागा बदलली, तर एक बटण दाबून पुन्हा शून्य. एवढ्या एका बदलाने जितका फरक पडला तितका बाकी कशानेच नाही.

थरथरीचं काम जास्त नाजूक होतं. असा कंप सेकंदाला साधारण ४ ते १२ वेळा होतो, मुद्दाम दिलेला कल त्यापेक्षा बराच संथ असतो. म्हणजे जलद हालचाल गाळली की काम झालं, असं वाटलं. पण जास्त गाळलं की गोटी उशिरा वळते आणि हातातली वस्तू परक्याची वाटायला लागते. शेवटी २०१२ साली प्रसिद्ध झालेला वन युरो फिल्टर वापरला. हात संथ असताना तो जास्त गाळतो, वेगाने हलला की मोकळं सोडतो. गाळण किती घट्ट ठेवायची ते खेळणाऱ्याच्या हाती दिलंय. हो, आणि गोटी आपटली की फोन गुर्रर्र करायचा, ते काढून टाकलं. त्या कंपनाने सेन्सरच हलत होता! मावशीच्या फोनमध्ये जायरोस्कोप, म्हणजे फोन किती वेगाने फिरतोय ते मोजणारा सेन्सर, नाही, स्वस्त फोनमध्ये बहुधा नसतोच, म्हणून त्याच्या भरवशावर काहीच ठेवलं नाही.

आता खरा मुद्दा. व्हीलचेअरला क्लॅम्पने बसवलेला फोन कसा तिरका करणार? वेब अपंगांनाही वापरता यावं यासाठीच्या डब्ल्यूसीएजी २.१ या २०१८ च्या नियमावलीत सांगितलंय की जे फोन हलवून होतं ते साध्या बटणांनीही व्हायला हवं आणि हलवण्याची सोय बंद करता यायला हवी. नियम वेबचा असला तरी खेळालाही तो लागू पडावा असं मला मनापासून वाटतं. म्हणून चार मोठी बटणं दिली. शिवाय एकाच बोटाची पद्धत आहे: बाण हळूहळू फिरत राहतो, हव्या दिशेला आला की पडद्यावर कुठेही टेकवायचं. आधी हे सगळं सेटिंगच्या तिसऱ्या पानात पुरलं होतं, मावशीला ते सापडलंच नाही. आता पहिल्याच पडद्यावर विचारतो, "कसं खेळाल?" तिन्ही पद्धतींना गुण सारखेच. बटणांनी खेळणाऱ्याला वेगळ्या रांगेत बसवायचं नाही, यावर मी अडून बसलोय. त्यासाठी दोन पातळ्या मोडून नव्याने बांधल्या, कारण त्या फोन तिरका केल्याशिवाय पारच होत नव्हत्या.

गेल्या रविवारी मावशी तिसऱ्या पातळीपर्यंत गेली. बोलली काही नाही, पण चहा गार होईपर्यंत फोन सोडला नाही.

सोबत नवी फाइल पाठवतोय. डाव्या हाताने, उशीला टेकून, जसा पडला असशील तसाच खेळ. पाचव्या पातळीत विहिरीजवळचं वळण आहे, तिथे माझा डावा हात दुखतो. तुझाही दुखला तर नुसतं 'विहीर' एवढंच टाइप करून पाठव, मी ते वळण मोकळं करतो.

काकूंना नमस्कार सांग. हाताला जप.

तुझाच,
दादू