खोलातला दुसरा प्लग

चि. माय हिस अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर म्हणालीस की गाडी चालू होते, पण चढावर दम टाकून राहिली आणि अ‍ॅव्हरेजही उतरलं. तेवढ्यात रेंज गेली. तसंही हे काम फोनवर सांगून समजणारं नाही. निवांत वाच आणि कागद गाडीच्या कागदांसोबतच ठेव.

माझा संशय प्लगवर आहे, म्हणजे सिलेंडरमध्ये ठिणगी पाडून पेट्रोल पेटवतो त्या स्पार्क प्लगवर. आपल्या पल्सरला एका सिलेंडरवर दोन प्लग आहेत. कंपनीने २००३ पासून ही दोन प्लगांची पद्धत आणली. पऱ्हाट्यांचा ढीग दोन्ही टोकांनी पेटवला की लवकर आणि पुरा जळतो, तसंच आत पेट्रोलचं होतं. यात एक गोष्ट मात्र फसवी आहे. एका प्लगच्या गाडीचा प्लग गेला की गाडी जागेवर बंद पडते, म्हणजे आपल्याला लगेच कळतं. हिचा एक प्लग मेला तरी दुसऱ्यावर ती चालत राहते. फक्त ओढ कमी होते, पेट्रोल जास्त खाते आणि सकाळी थंडीत किक जास्त माराव्या लागतात. माणूस कार्ब्युरेटरला दोष देत बसतो.

दोनपैकी एक प्लग समोरच दिसतो. दुसरा हेडमधल्या, म्हणजे सिलेंडरच्या वरच्या झाकणातल्या खोल भोकात आहे, तिथं बोटं पोचत नाहीत. म्हणून होतं काय, तर बाहेरचा बदलतात आणि आतला तसाच राहतो. मागच्या दिवाळीत तू घरी होतीस तेव्हा मी गाडी उघडली, तर बाहेरचा प्लग चकचकीत नवा होता आणि आतल्याचं टोक झिजून गोल झालेलं. सर्व्हिसिंगचे पैसे मात्र दोन्ही प्लगांचे घेतले होते. तेव्हापासून मी ठरवलं की हे काम तुला आलंच पाहिजे. तुझं आरोग्य उपकेंद्र जंगलात, मिस्त्री थेट आलापल्लीला. रात्री बाळंतिणीकडे निघालीस आणि एटापल्लीच्या रस्त्यावर गाडीने झटके मारले, तर तिथं कोण येणार आहे?

काम सकाळी कर, इंजिन पुरतं थंड असताना. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे. गरम हेडमधून प्लग काढला तर आटे उपटून येतात, आणि आटे गेले की हेड उतरवून लेथवाल्याकडे न्यावं लागतं. टाकी काढायची गरज नाही. प्लगवर बसलेली वायरची टोपी ओढताना वायर धरू नको, टोपीच धर आणि थोडी पिळून बाहेर घे.

आता पाना लावायच्या आधीचं काम. तुमच्याकडची ती लाल धूळ त्या खोल भोकात नक्की साचलेली असणार. ती न काढता प्लग काढलास तर ती सरळ सिलेंडरमध्ये पडेल आणि पिस्टन-रिंगा घासेल. सायकलचा पंप घे, नळी भोकात धर आणि जोरात हवा मार. डोळे बाजूला ठेव. आत पाणी किंवा ऑइल दिसलं तर काडीला सुती चिंधी गुंडाळून टिपून घे. हे झाल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही.

पाना गाडीसोबत आलेला नळीसारखाच वापर. बाजारातला जाड पाना त्या भोकात जात नाही, गेला तर तिरपा बसतो आणि प्लगची पांढरी चिनीमाती तडकवतो. पाना तळाशी षटकोनावर पुरा बसला की नाही ते हलवून बघ, मग दांडी लाव. पहिला झटका कडक लागेल, नंतर हातानेच सुटेल. बाहेर आलेला प्लग उजेडात धरून बघ. टोक तांबूस-तपकिरी असेल तर इंजिन ठणठणीत. कोरडी काळी काजळी असेल तर एअर फिल्टर धुळीने चोंदलेला असतो, नाहीतर चोक ओढलेला राहतो. ओलं तेलकट असेल तर ऑइल वर चढतं आहे, तेव्हा मला सांग. पांढराफटक असेल तर इंजिन जास्त तापून राहिलं, मग गाडी फार ताणू नको. पॉलिश पेपरने घासून जुनाच परत बसवायच्या भानगडीत पडू नको, त्याची रेती आत राहते.

नवीन प्लगची फट ०.७ ते ०.८ मिलिमीटर पाहिजे. फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्या, पाठवतो आहे, त्यातली पाती घालून बघ. पाती थोडी अडखळत सरकली म्हणजे बरोबर.

आता सगळ्यात नाजूक काम. आतला प्लग पान्याने बसवायला सुरुवात करायची नाही. कधीच नाही. पान्याला जोर असतो, त्याला आटे तिरपे लागले ते कळत नाही, आणि स्टीलचा प्लग अ‍ॅल्युमिनियमला कापत जातो. पेट्रोलच्या नळीचा वीतभर तुकडा पाठवतो आहे. तो प्लगच्या वरच्या टोकावर दाबून बसव. प्लग नळीने भोकात सोड आणि नळी बोटांनी आधी उलटी फिरव. आट्यावर आटा येतो तेव्हा बारीकसा टक् लागतो, बोटांना जाणवतो. तिथून सुलटी फिरव. प्लग सरळ असेल तर तो आपसूक आत जात राहतो. तिरपा असेल तर नळी टोकावरच घसरते, म्हणजे जोर लागतच नाही आणि आटे वाचतात. मग परत उलटी फिरवायची, परत तो टक् शोधायचा. घाई करू नको, त्यात वेळ गेला तरी चालेल.

प्लग तळाला टेकला की नळी ओढून घे आणि मगच पाना. नवीन प्लग असेल तर टेकल्यावर अर्धा फेरा, म्हणजे वायसर दाबून बसतो. जुनाच परत लावत असशील तर नुसता जरासा. पान्यावर अंगाचा भार टाकायचा नाही. टोपी दाबून बसव, खट् आवाज आला पाहिजे. दोन्ही प्लग एकाच वेळी बदल, एक नवा आणि एक जुना ठेवू नको.

दादा सोमवारी येतो आहे. त्याच्याजवळ दोन प्लग, नळी, गेज आणि आईने दिलेली लसणाची चटणी पाठवतो. काम तूच कर, दादाला हात लावू देऊ नको, त्याला टॉर्च धरायला सांग. आईलाही हेच वाटतं. तू रात्री एकटी निघतेस या विचाराने तिला झोप लागत नाही, आणि गाडी तुला उघडता येते म्हटलं की तिचं मन जरा थाऱ्यावर येतं. माझंही तसंच आहे.

वावरात वेचणी चालू आहे, तुरीला शेंगा बऱ्या धरल्या आहेत. काढलेले दोन्ही प्लग फेकू नको. कोणता आतला आणि कोणता बाहेरचा त्यावर चिठ्ठी बांधून दादाजवळ परत पाठव, मला बघायचे आहेत.

तुझा,
बाबा