रातवा आधी कानांनी ओळखा

महोदय,

रात्री रस्त्यावर बसलेल्या रातव्याचे (नाइटजार या निशाचर पक्ष्याचे) फोटो हल्ली गोव्यात अनेक जण काढतात, याचा आनंद आहे. पण फोटोखाली सरसकट ‘भारतीय रातवा’ लिहिले जाते, आणि मोले, बोंडला, खोतीगाव या अभयारण्यांच्या बाजूने आलेल्या फोटोंत तो जेर्डनचा रातवा ही दुसरी जातही असू शकते, हे कोणी तपासत नाही. नोंद चुकली तर कोणता पक्षी कुठून नाहीसा होतोय हेही कळणार नाही.

चूक होणे साहजिक आहे. मानेच्या मागे तांबूस पट्टा दोघांनाही असतो. दोघांच्याही नराला शेपटीच्या बाहेरच्या दोन जोड्या पिसांवर पांढरी टोके असतात, आणि पक्षी बसला की ती मिटलेल्या शेपटीत लपतात. गाडीच्या दिव्यात डोळे दोघांचेही निखाऱ्यासारखे चमकतात. भारतीय रातवा सुमारे 24 सेंटिमीटर, जेर्डनचा 26 ते 28; पण एकटाच पक्षी समोर असेल तर हा फरक डोळ्यांना कळत नाही. त्यात जांभ्या दगडाची तांबडी धूळ आणि पिवळा उजेड, की करडा पक्षीही तांबडा दिसतो.

म्हणून आधी ऐका. सूर्य मावळल्यानंतरचा अर्धा तास आणि पहाटेचा अंधार या सर्वांत चांगल्या वेळा. महिन्यांत मार्च ते मे सर्वांत चांगले. इंजिन बंद करा, फोनवर निदान एक मिनिट आवाज टिपा. काचेची गोटी फरशीवर टाकली की तिच्या उड्या जशा लहान आणि घाईच्या होत जातात, तसा ‘चक्, चक्, चक्-चक्-चकर्रर्र’ आवाज आला तर तो भारतीय रातवा. पोकळ लाकडावर ठोका द्यावा तसा एक सूर, त्यामागे थरथरते ‘वो-वो’, मग थोडे थांबून पुन्हा तेच, असे असेल तर जेर्डनचा. हा दुसरा पुष्कळदा झाडाच्या फांदीवरून बोलतो. पहिला सहसा जमिनीवरून किंवा दगडावरून.

पक्षी गप्पच असेल तर फोटोत शेपटीची मधली पिसे पाहा. भारतीय रातव्याची ही पिसे बरीच साधी, आडव्या रेघा अगदी पुसट. जेर्डनच्या पिसांवर गडद पट्टे ठळक दिसतात. भारतीय रातव्याच्या खांद्यावरच्या पिसांना रुंद पिवळट कडाही असतात. एवढे दिसले नाही तर नोंदीत नुसते ‘रातवा’ लिहावे, ते चुकीच्या नावापेक्षा बरे.

जागेवरून अंदाज बांधता येतो, निकाल देता येत नाही. उघडा कातळसडा (जांभ्याचे सपाट पठार) आणि पडीक शेत ही भारतीय रातव्याची ठिकाणे, रानाची कड जेर्डनची. पण काजूच्या उतारांवर दोघेही भेटू शकतात.

ओळख पटवण्यासाठी मोबाइलवर त्याचा आवाज पुन्हा पुन्हा वाजवू नये. विणीच्या दिवसांत नर आपली जागा सोडून त्या आवाजामागे धावतो. रातवा घरटे बांधत नाही. मादी उघड्या जमिनीवर, बहुधा दोन अंडी घालते, आणि ती मातीत इतकी मिसळून जातात की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. समोर पक्षी पंख मोडल्यासारखा फडफडत सरपटू लागला तर अंडी किंवा पिल्ले जवळच आहेत असे समजा, बॅटरी खाली वळवा आणि आलेल्या पावलांवर पाऊल ठेवून मागे फिरा.

— एक पक्षीनिरीक्षक, डिचोली