ओम्या परत आलाय

विश्रामबाग, सांगली

प्रिय सुन्या,

दिवाळीपासून तुझे फोन उचलले नाहीत, शिव्या समोरासमोर घाल. बीपी गोळीवर आहे, आईचे गुडघे तसेच. आता ऐक.

ताईचा ओम्या पुण्याहून गाशा गुंडाळून आलाय. गेम बनवणाऱ्या स्टुडिओनं अख्खी टीम काढली. ताई म्हणते, "गेम खेळायचा पगार कोण किती दिवस देणार?" अरे, खेळतोय कुठं! अमेरिकेतल्या एका गेमसाठी दारं, खुर्च्या, गंजक्या बादल्या कॉम्प्युटरवर घडवत होता. तिकडं गेम रद्द, इकडं पोरं घरी. वर करारात गुप्तता, म्हणजे मुलाखतीत ती बादली दाखवायचीही सोय नाही. हे ताईला कसं समजावू?

आपटला म्हणून बंद केला, तर एक वेळ समजतं. सोनीचा काँकॉर्ड गेम २३ ऑगस्ट २०२४ ला आला, ६ सप्टेंबरला बंद, गिऱ्हाइकांचे पैसे परत. पण टँगो गेमवर्क्सच्या हाय-फाय रश या गेमला त्याच वर्षी एप्रिलमध्ये बाफ्टा पुरस्कार मिळाला, आणि मे महिन्यात मायक्रोसॉफ्टनं स्टुडिओ बंद करायचं जाहीर केलं! (पुढं तो क्राफ्टॉननं उचलला. हो, तीच आपली बीजीएमआयवाली, म्हणजे इकडच्या पबजीवाली.) याच मायक्रोसॉफ्टनं ऑक्टोबर २०२३ मध्ये जवळपास ६९ अब्ज डॉलर मोजून अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही गेम कंपनी घेतली आणि जानेवारीत गेमच्या धंद्यातल्या १,९०० जणांना नारळ दिला. हत्तीवरून वरात काढायची आणि दुसऱ्या दिवशी वाढप्यांचे पैसे बुडवायचे, त्यातली गत.

तू म्हणशील, हा सगळा कंपन्यांचा लोभ, घोड्याच्या चिलखतापासूनच सांगत होतो. २००६ साली ऑब्लिव्हियन गेममधल्या घोड्याचं ते चिलखत वेगळे अडीच डॉलर घेऊन विकायला काढलं, तेव्हा कॅन्टीनमध्ये तू ठोकलेलं भाषण पाठ आहे मला. अजून पटत नाही. चिलखत नको तर घेऊ नको. खरी गोम आकारात आहे. एकेका गेमला पाच-सहा वर्षं आणि हजार-दीड हजार कोटी रुपये लागायला लागले, की एक पडला तरी शेकडो घरं बसतात. आणि लोभाबद्दल तू बोलूच नको. मुस्तफा गेममध्ये पिवळी टोपीवाला कायम तुझा, माझ्या वाट्याला ती हाना. वर माझा जीव संपत आला असताना समोरचं जेवण तूच गिळायचास.

तर ओम्या आता स्वतःचा गेम करतोय. स्टारड्यू व्हॅली एकट्या माणसानं केला, पुण्याच्या नॉडिंग हेड्स कंपनीनं राजी काढला, हे रोज ऐकवतो. मी म्हटलं, न चाललेल्यांची नावं सांग. गप्प. ताईनं बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरून टाकलाय.

गेम २०१९ च्या पुराचा. आयर्विन पुलाशी पाणी चढतंय, ४५ फुटांची धोक्याची खूण बुडाली, आणि माडीवर काय न्यायचं ते आपण ठरवायचं. शिलाई मशीन की धान्याची पोती? दोन्ही नाही नेता येत. मी रात्री एकपर्यंत खेळत बसलो. लेका, चांगला आहे. भिकार असता तर "बँकेचं बघ" म्हणून मोकळा झालो असतो.

वहिनींची बदली झाली का? चिनूची बारावी ना यंदा? घराचे फोटो पाठव, रंग कुठला ते आई विचारत होती.

ओम्याला तुझा नंबर दिलाय. गेम पाठवेल, खेळ आणि खरं काय ते सांग. वर्षभर घरी बसून करण्याएवढा तो आहे का, एवढंच. माझं मत सांगू नकोस. आणि ताईचा फोन आलाच, तर आपलं काही बोलणं झालेलं नाही.

तुझा,
बाळ्या