मित्रास पत्र : कोलोराडोच्या तीन फुटी लोहमार्गाविषयी

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. चिरंजीव बंगळूरला गेल्यापासून रिकामी असलेली खोली तू आगगाडीच्या प्रतिकृतीसाठी देणार आहेस आणि वहिनींचीही त्याला संमती आहे, हे वाचून मनापासून आनंद झाला. एवढ्या मोठ्या अमेरिकेतले भव्य ब्रॉडगेजसारखे मार्ग सोडून मी तुला तिथल्या नॅरोगेजचाच आग्रह का धरतो, असे तू विचारले आहेस. त्याचे उत्तर जरा सविस्तर द्यावे लागेल.

आधी एक हिशेब मांडतो. तिथल्या एखाद्या साधारण मुख्य मार्गावरचे ६ अंशांचे, म्हणजे दर शंभर फुटांत ६ अंश वळणारे, वळण घे. त्याची त्रिज्या सुमारे ९५५ फूट असते. १:८७ या प्रमाणात ती सव्वातीन मीटरहून थोडी जास्तच होते, म्हणजे नुसते अर्धवर्तुळ काढायचे म्हटले तरी तुझ्या खोलीच्या भिंती पाडाव्या लागतील. म्हणून मुख्य मार्गाची प्रतिकृती करणारा माणूस वळणे मूळच्या चौथाईवर आणतो आणि मग त्या आखूड वळणावर लांबलचक डबे विचित्र कोनात बाहेर डोकावू लागतात. आता कोलोराडोतल्या रिओ ग्रँड सदर्न या नॅरोगेज मार्गाचे २४ अंशांचे वळण घे. त्याची त्रिज्या सुमारे २४० फूट, म्हणजे त्याच प्रमाणात साधारण ८४ सेंटीमीटर. ते तुझ्या खोलीत जसेच्या तसे बसते. शिवाय वाघिणी तीस फुटांच्या आसपास, त्यामुळे त्या वळणावर शोभून दिसतात आणि सहा-सात वाघिणींची गाडी ही तिथली अगदी खरीखुरी गाडी असते. प्रतिकृतीत थोडेफार खोटे बोलावेच लागते. नॅरोगेजमध्ये ते सर्वांत कमी बोलावे लागते. माझ्या आग्रहाचे मूळ इथे आहे, बाकीचे सगळे यातूनच येते.

ही वळणे हौसेने घातलेली नव्हती. जनरल विल्यम जॅक्सन पामर यांनी १८७० मध्ये डेन्व्हर अँड रिओ ग्रँड रेल्वे स्थापन केली तेव्हा पैसा थोडा होता आणि पुढे रॉकी पर्वत उभा होता. वेल्समधल्या फेस्टिनिऑग रेल्वेने अरुंद रुळांवरही मोठा धंदा करून दाखवला होता. पामर यांनी दोन रुळांमध्ये तीन फूट अंतर निवडले, कारण त्यामुळे डोंगर कमी फोडावा लागे, रूळ हलके चालत आणि कड्याला बिलगून जाता येई. १८८२ मध्ये हे रूळ सिल्व्हर्टनच्या चांदीच्या खाणींपर्यंत पोहोचले. पुढे मुख्य मार्ग रुंद करण्यात आला, पण नैऋत्येकडचा डोंगराळ भाग तसाच राहिला, कारण तिथे तेवढा खर्च करावा एवढी मिळकतच नव्हती. त्या गरिबीमुळेच हा मार्ग विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जुन्या रूपात टिकला.

गरिबीचा खरा चेहरा पाहायचा असेल तर रिओ ग्रँड सदर्नकडे बघावे. ऑटो मिअर्स यांनी रिजवे ते डुरँगो हा १६२ मैलांचा मार्ग १८९१ अखेर पुरा केला आणि १८९३ मध्ये चांदीचा भाव कोसळला. जन्मल्यानंतर दोनच वर्षांत या कंपनीचे दिवस फिरले आणि पुढची जवळजवळ साठ वर्षे ती कशीबशी तग धरून राहिली. १९३१ मध्ये वाफेची गाडी चालवणे परवडेना, पण टपालाचे कंत्राट तर हातचे जाऊ द्यायचे नव्हते. तेव्हा रिजवेच्या कारखान्यात जुन्या ब्यूक मोटारीचा सांगाडा रुळांवर चढवण्यात आला. पुढे बॉनेट आणि मोटारीचीच बैठक, मागे टपाल व माल ठेवायचा पेटीसारखा भाग, खाली लोखंडी चाके, तोंडाला गुरे बाजूला सारणारी जाळी, आणि पुढे या सगळ्याला चंदेरी रंग. अशा गाड्या एकामागून एक तयार झाल्या आणि त्यांतल्या काहींना पिअर्स-ॲरो या महागड्या मोटारींची अंगे लाभली. लोक त्यांना ‘गॅलपिंग गूस’ म्हणत. यातली कुठलीही एक गाडी दुसरीशी तंतोतंत जुळत नाही, आणि प्रत्येक पत्रा तिथे का आहे हे सांगता येते. प्रतिकृती करणाऱ्याला याहून अधिक काय हवे? कारखान्यातून एकसारखे निघालेले डबे रंगवताना हात यंत्रासारखा चालतो. इथे प्रत्येक जोड समजून घेतल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

आता चालवण्याविषयी, कारण तुला नुसती मांडणी नको, गाड्या चालवायच्या आहेत. डेन्व्हर अँड रिओ ग्रँडच्या मार्गावर न्यू मेक्सिकोतल्या चामाहून कम्ब्रेस खिंडीकडे ४ टक्के चढ आहे, म्हणजे पंचविसास एक. आपला बोरघाट सदतिसास एक आहे, यावरून कल्पना कर. या चढावर गाडीला जादा इंजिन लागे, प्रसंगी गाडीचे तुकडे करून ते वेगवेगळे वर न्यावे लागत. वाटेतल्या लोबाटोच्या पुलावर दोन जड इंजिनांचा भार एकदम घालता येत नाही, म्हणून पुढचे इंजिन सोडवून एकटे पलीकडे नेतात आणि मग पुन्हा जोडतात. खोलीत अशी एकच चढण केलीस तरी संध्याकाळभर काम पुरेल, आणि प्रत्येक हालचालीला खरे कारण असेल. तिथली के-३६ जातीची इंजिने बाल्डविन कारखान्याने १९२५ मध्ये बांधली. ३६ हा आकडा त्यांच्या ३६,२०० पौंड ओढशक्तीवरून आला आहे. या इंजिनांचा सांगाडा चाकांच्या बाहेरून असतो. त्यामुळे चाके आत झाकली जातात आणि बाहेर दिसतात ते जाड लोखंडी वजनदार भुज, त्यांना जोडणारे दांडे आणि त्यांची एका लयीत चाललेली घुसळण. १९७० मध्ये कोलोराडो आणि न्यू मेक्सिको या राज्यांनी अँटोनिटो ते चामा हा ६४ मैलांचा मार्ग विकत घेतला, म्हणून ही इंजिने आजही तिथे चढताना पाहता येतात.

प्रमाण कोणते घ्यावे, हा तुझा दुसरा प्रश्न. १:८७ मध्ये तीन फुटी मार्गासाठी रुळांतले अंतर साडेदहा मिलिमीटर लागते. काम नाजूक, पण देखावा सर्वांत विस्तीर्ण मिळतो. बरेच लोक आता १:४८ प्रमाण घेऊन १६.५ मिलिमीटरचे सर्रास मिळणारे रूळ वापरतात. ते स्वस्त पडते, माणसे आणि इमारती हाताला भरीव लागतात. मात्र हिशेब केलास तर ते अंतर तीन फूट येत नाही, सुमारे ३१ इंच येते. अमेरिकेत अडीच फुटी मार्ग विरळाच होते. उलट आपली बार्शी लाइट रेल्वे नेमकी २ फूट ६ इंचांची होती, तेव्हा ते रूळ कुर्डुवाडीला अधिक शोभतील. कोलोराडो करायचे असेल तर तुझी दृष्टी आणि तुझा संयम पाहता मी १:८७ च सुचवीन.

आणि जागा म्हणशील तर रिओ ग्रँड सदर्नवरचे ओफिर. तिथे चढ चढण्यासाठी रुळांनी डोंगराला वळसा घातला होता, आणि त्या वळशातच उंच लाकडी पूल, स्थानक आणि खनिज साठवायची लाकडी कोठारे एकमेकांना खेटून उभी होती. १९३० च्या दशकाचा उत्तरार्ध धर, म्हणजे वाफेचे इंजिन आणि गूस दोन्ही एकाच रुळावर आणता येतील. खोलीची मापे, दार कुठल्या बाजूला उघडते आणि खिडकी जमिनीपासून किती उंचीवर आहे, हे कळव. त्यावरून वळणाचा आराखडा काढून पाठवतो. तोवर इंजिन विकत घेऊ नकोस.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनंत