झोपेतली लाथ

पुणे, रविवार

प्रिय वसंता,
सप्रेम नमस्कार.

"नाना तुला ओळखतात ना?" हा तुझा प्रश्न वाचून थोडे हसू आले. ओळखतात, अगदी नीट. परवा तर तुमच्या गावच्या जमिनीचा गट क्रमांकही त्यांनी बिनचूक सांगितला, आणि त्याच संध्याकाळी गॅलरीत बसलेल्या तीन मुलांना चहा का दिला नाही म्हणून आईवर चिडले. गॅलरीत कोणीही नव्हते.

निदान लेवी बॉडी डिमेन्शियाचे आहे. फ्रिट्झ लेवी यांनी १९१२ साली मेंदूच्या पेशींत साचणारे गोळे नोंदवले; त्यांनाच लेवी बॉडी म्हणतात. त्यांत अल्फा-सिन्युक्लीन नावाचे प्रथिन साचलेले असते, हे १९९७ साली कळले. डिमेन्शिया म्हटले की आपण स्मृतीचाच विचार करतो, पण या आजाराची झीज पुष्कळदा खाली, ब्रेनस्टेममध्ये, म्हणजे मेंदूच्या देठात, फार आधीपासून चालू असते. तिथल्या लोकस सेरुलियस या इवल्याशा निळसर केंद्रातल्या पेशी नॉरॲड्रेनालिन बनवून मेंदूला जागे ठेवतात; त्या मेल्या की शवविच्छेदनात ती जागा फिकी पडलेली दिसते. नाना सकाळी तल्लख असतात आणि दुपारी भिंतीकडे बघत बसतात, त्यात या झिजेचाही वाटा असावा.

त्याच्याच जवळच्या काही पेशी स्वप्न पडत असताना हातपाय निश्चल ठेवतात. त्या निकामी झाल्या की माणूस स्वप्न अक्षरशः जगू लागतो. आठवते, तू मुक्कामाला होतास तेव्हा नानांनी "चोर, चोर" ओरडत झोपेत कपाटाला लाथ घातली होती आणि सकाळी आपण पोट धरून हसलो होतो? त्याला बारा वर्षे झाली. आजार तेव्हाच घरात आला होता, असे मी आता धरून चालतो.

गेल्या वर्षी प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर रात्री ते बेभान झाले, तेव्हा रुग्णालयात त्यांना शांत करायला हॅलोपेरिडॉल या औषधाचे इंजेक्शन दिले गेले आणि पुढचे तीन दिवस ते लाकडासारखे ताठ पडून होते. हालचालींना लागणारे डोपामिन हे रसायन बनवणाऱ्या, सबस्टँशिया नायग्रा या मेंदूतल्या भागाच्या पेशी आधीच कमी झालेल्या, त्यात हे औषध उरलेल्या डोपामिनचीही वाट अडवते. झोपेतल्या त्या लाथांवरून आजाराची शंका आली असती, पण झोपेबद्दल कोणी विचारले नाही, आणि सांगायला हवे हे आम्हालाही ठाऊक नव्हते. आता फाइलच्या पहिल्याच पानावर लाल शाईने ते लिहून ठेवले आहे.

सध्या रिव्हास्टिग्मिन या डिमेन्शियावरच्या औषधाचा, त्वचेवर चिकटवायचा पॅच चालू आहे. दिवाळीत येशील तेव्हा गॅलरीतल्या मुलांवरून वाद घालू नकोस; "ती घरी गेली" एवढे म्हटले की नाना शांत होतात.

तुझा,
अनंत